धुराला परत फिरवणारी भट्टी

नवी भट्टी तयार झाली म्हणजे अमेरिकेतील जाणता कारागीर तिच्यात लगेच मांस भाजायला ठेवीत नाही. तो भट्टी पेटवतो, ती ठरावीक तापमानाला येऊ देतो आणि आतल्या जाळीवर मऊ कणकेचे सारख्या आकाराचे गोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने मांडतो. काही वेळाने झाकण उघडून पाहिले, की एका टोकाचे गोळे करपलेले, मधले छान तांबूस आणि दुसऱ्या टोकाचे पांढरेफटक असे दृश्य पुष्कळदा दिसते. या चाचणीला तिकडे ‘बिस्किट परीक्षा’ म्हणतात. तापमापक न वापरता काढलेला हा भट्टीच्या तापमानाचा नकाशाच होय.

हा नकाशा एकसारखा कसा करावा, हा आपला आजचा प्रश्न आहे. त्याला हौशी लोहारांनी शोधलेले एक उत्तर म्हणजे उलट प्रवाहाची धूरभट्टी. मांसाहार न करणाऱ्या वाचकांनी पान उलटण्याची घाई करू नये. कारण प्रश्न भट्टीत काय ठेवले आहे हा नसून, उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी कशी नेली जाते, हा आहे.

टेक्सासची रीत

‘बार्बेक्यू’ हा शब्द स्पॅनिश भाषेतील ‘बार्बाकोआ’वरून आला आणि स्पॅनिश लोकांनी तो कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांकडून उचलला. काठ्यांचा माचा करून त्यावर, विस्तवापासून उंच, मांस किंवा मासे ठेवण्याची ती पद्धत होती. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात तिची अनेक रूपे झाली. टेक्सास राज्याच्या मध्य भागात एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक लोक येऊन वसले. त्यांच्यातले खाटीक न खपलेले मांस टिकावे म्हणून ते धुरावर धरीत. लॉकहार्ट, एल्गिन यांसारखी लहान गावे आज या पदार्थासाठी प्रसिद्ध आहेत, त्याचे मूळ या खाटकांच्या दुकानांत आहे.

टेक्सास हा खनिज तेलाचाही प्रांत. तेलविहिरींवरचे जाड पोलादी नळ, जुन्या टाक्या आणि वेल्डिंग येणारी माणसे तेथे मुबलक. त्यामुळे आडव्या नळकांड्याच्या एका टोकाला, थोडी खाली, लाकूड जाळण्यासाठी पेटी जोडायची आणि दुसऱ्या टोकाला धुराडे उभे करायचे, असा घरगुती भट्टीचा नमुना तेथे रूढ झाला. विस्तव मांसाखाली नसून बाजूला असतो, हे त्याचे वैशिष्ट्य. मांसाला जाळ लागत नाही. लागतो तो फक्त गरम वायू आणि धूर.

तापमान किती? साधारण १०७° ते १३५° सें. आपल्या तव्याच्या मानाने हे फारच थोडे झाले. पण गाईच्या छातीचा जो कठीण भाग तेथे आवडीने भाजला जातो, त्यात कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन असते. ते हळूहळू, पाण्याच्या सान्निध्यात, तासन्‌तास तापत राहिले तर त्याचे मऊ जिलेटिन होते. घाई केली तर वरचा भाग कोळसा आणि आतला भाग चामडे, अशी गत होते. पाच-सहा किलोचा तुकडा शिजायला दहा-बारा तास सहज लागतात. इतका वेळ एक बाजू जास्त आणि एक बाजू कमी तापत राहिली तर काय होईल, याची कल्पना करा.

सरळ वाटेचा दोष

सरळ प्रवाहाच्या भट्टीत अग्निपेटीतून निघालेला वायू नळकांड्यात शिरतो, तिथे पसरतो आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर जातो. वाटेत तो भिंतींना, जाळीला आणि मांसाला उष्णता देत जातो, म्हणजेच स्वतः थंड होत जातो. त्यामुळे अग्निपेटीजवळ तापमान जास्त आणि धुराड्याजवळ कमी, हा फरक अटळ आहे. त्यातून, गरम वायू हलका असल्यामुळे आत शिरताच वर चढतो. म्हणून वर आणि खाली हाही फरक पडतो.

आपल्याकडच्या गुऱ्हाळाच्या चुलवणातही जाळ काहिलीखालून एकाच दिशेने जातो. तेथे हा दोष का जाणवत नाही? कारण काहिलीत रस असतो. तापलेला रस वर येतो, थंड रस खाली जातो, आणि गुळव्या तो ढवळतही असतो. वस्तू स्वतःच हलत असल्यामुळे उष्णता सगळीकडे वाटली जाते. जाळीवरचा मांसाचा तुकडा मात्र जिथल्या तिथे असतो. त्याची जागा बदलायची तर झाकण उघडावे लागते, आणि उघडले की आतला गरम वायू निघून जातो.

एक तक्ता, दोन वाटा

उलट प्रवाहाच्या भट्टीत मुख्य बदल एकच आहे. जाळीच्या खाली, नळकांड्याच्या जवळजवळ पूर्ण लांबीचा एक जाड पोलादी तक्ता आडवा बसवतात. अग्निपेटीकडच्या टोकाला आणि दोन्ही बाजूंना तो पक्का जोडलेला असतो. फक्त दूरच्या टोकाला थोडी फट ठेवलेली असते. धुराडे दूरच्या टोकाला न ठेवता अग्निपेटीच्याच टोकाला, वरच्या बाजूला बसवतात. आता वायूला धुराड्यापर्यंत पोचण्यासाठी आधी तक्त्याखालून शेवटपर्यंत जावे लागते, तेथे वर वळावे लागते आणि जाळीवरून मागे परतावे लागते. प्रवाह उलटा फिरतो, म्हणून हे नाव.

वायूला लांबचा फेरा पडला म्हणून उष्णता समान झाली, असे पुष्कळांना वाटते. खरे कारण अधिक सुंदर आहे. जाळीवरच्या वस्तूला आता दोन ठिकाणांहून उष्णता मिळते. खालून तापलेला तक्ता प्रारणाने उष्णता देतो, आणि भोवतीचा परतणारा वायू अभिसरणाने देतो. तक्ता कोठे जास्त तापेल? अग्निपेटीजवळ, कारण तेथे त्याच्याखालून ताजा वायू जातो. परतणारा वायू कोठे जास्त गरम असेल? दूरच्या टोकाला, कारण तो तेथेच नुकताच वर वळला आहे. एकाचा उतार डावीकडून उजवीकडे, तर दुसऱ्याचा उजवीकडून डावीकडे. दोघांची बेरीज जवळजवळ सपाट!

आकडे घेऊन पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा तक्त्याचे तापमान अग्निपेटीजवळ १९०°, मध्यभागी १६५° आणि दूरच्या टोकाला १४०° सें. आहे. वरून परतणाऱ्या वायूचे तापमान त्याच तीन जागी अनुक्रमे ११०°, १२५° आणि १४०° आहे. तक्त्यात पन्नास अंशांचा फरक, वायूत तीस अंशांचा. पण प्रत्येक जागेची सरासरी काढली तर ती १५०°, १४५° आणि १४०° येते. फरक उरला दहा अंशांचा.

अशी नुसती सरासरी घेणे अर्थात ढोबळ आहे. प्रारणाने बाहेर पडणारी उष्णता केवळ तापमानाच्या प्रमाणात वाढत नाही. ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. १९०° सें. म्हणजे ४६३ केल्व्हिन आणि १४०° सें. म्हणजे ४१३ केल्व्हिन. ४६३ ला ४१३ ने भागून येणाऱ्या संख्येचा चौथा घात काढा: उत्तर सुमारे १·५८ येईल. म्हणजे तक्त्याचा गरम भाग थंड भागाच्या दीडपटीहून अधिक प्रारण सोडतो. म्हणूनच या भट्टीतही अग्निपेटीकडची बाजू बहुधा थोडी जास्त तापलेली राहते. हा फरक शून्य होतो असे कोणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन प्रवाहांचा उपयोग निसर्गानेही केला आहे. माशाच्या कल्ल्यांत पाणी एका दिशेने वाहते आणि सूक्ष्म केशवाहिन्यांतले रक्त त्याच्या विरुद्ध दिशेने. त्यामुळे संपूर्ण वाटभर पाण्यात रक्तापेक्षा अधिक ऑक्सिजन राहतो आणि तो रक्तात जात राहतो. तेथे हेतू वेगळा आहे, पण दोन उतार एकमेकांसमोर उभे करण्याची युक्ती तीच.

पाव मिलिमीटरची ओढ

आता या सोयीची किंमत पाहू. वायूला इतक्या वळणांतून कोण ओढतो? पंखा नाही, पंप नाही. जे काही आहे ते धुराडे. धुराड्यातला गरम वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो. या दोन स्तंभांच्या वजनांतला फरक म्हणजेच धुराड्याची ओढ.

हा फरक आपण काढू शकतो. ३०° सें. तापमानाच्या हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १·१६ किलोग्रॅम असते. १२०° सें. तापमानाला ती सुमारे ०·९० होते. फरक ०·२६. अग्निपेटीतल्या विस्तवापासून धुराड्याच्या तोंडापर्यंतची उंची १ मीटर धरली, तर दाबातील फरक ०·२६ × ९·८ × १, म्हणजे सुमारे २·६ पास्कल झाला. वातावरणाचा दाब जवळजवळ एक लाख पास्कल असतो, हे लक्षात घ्या. पाण्याच्या भाषेत बोलायचे तर २·६ पास्कल म्हणजे पाव मिलिमीटरहून किंचित जास्त उंचीचा पाण्याचा स्तंभ! एवढ्याशा दाबावर सगळी भट्टी चालते.

म्हणून आतली वाट कोठेही अरुंद होऊन चालत नाही. येथे वाचकांना भूमितीचा उपयोग करता येईल. टेक्सासमध्ये अशा भट्टीसाठी प्रोपेन वायूची २५० गॅलनची जुनी टाकी लोकप्रिय आहे. तिचा व्यास सुमारे ७६ सें.मी. आणि आकारमान सुमारे ९५० लिटर असते. तक्ता तळापासून २० सें.मी. उंचीवर बसवला तर त्याच्याखालच्या वाटेचा छेद वर्तुळखंडाच्या आकाराचा होतो. आलेखाच्या कागदावर ३८ मि.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढा, तळापासून २० मि.मी. वर जीवा काढा आणि तिच्याखालचे चौरस मोजा. सुमारे ९५० चौरस मिलिमीटर येतील. प्रत्यक्षात तेवढेच चौरस सेंटिमीटर.

आता जीवा १० मि.मी. वर काढून पुन्हा मोजा. उंची निम्मी झाली, पण क्षेत्रफळ निम्मे होत नाही; ते जेमतेम ३५० वर येते. कारण वर्तुळ तळाशी निमुळते होत जाते. तेवढाच वायू इतक्या लहान वाटेतून न्यायचा तर त्याचा वेग सुमारे २·७ पट व्हावा लागेल. वळणांवर आणि फटींत वाया जाणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो सातपटींहून अधिक होईल. ज्या भट्टीजवळ एकूण शिल्लकच अडीच पास्कल आहे, तिला हा खर्च परवडणार नाही. ती धूर अग्निपेटीच्या दारातून तुमच्या तोंडावर सोडील.

दूरच्या टोकाची फटही याच हिशेबाने ठरते. २० सें.मी. उंचीवर तक्त्याची रुंदी, म्हणजे जीवेची लांबी, ६७ सें.मी. भरते. ९५० ला ६७ ने भागा: १४ सें.मी.हून थोडे जास्त येईल. म्हणून फट १५ सें.मी. ठेवावी. फट लहान ठेवली तर धूर जास्त वेळ खाली राहील आणि तक्ता जास्त तापेल, असा विचार काही जण करतात. तो चुकीचा आहे. धूर जास्त वेळ राहतो तो पुढे जाता येत नाही म्हणून, आणि तोवर विस्तव गुदमरू लागलेला असतो.

धुराडे स्वतः मात्र अरुंदच असते. १५ सें.मी. व्यासाच्या नळाचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौ.सें.मी. भरते. सगळा वेग तेथे असावा आणि पोटात प्रवाह संथ असावा, हीच अपेक्षा आहे. ९५० आणि १७७ यांच्या गुणोत्तराचा वर्ग काढला तर तो सुमारे २९ येतो. वायूचे तापमान दोन्हीकडे सारखे धरले, तर रुंद वाटेतल्या एका वळणावर होणारे नुकसान धुराड्यातल्या तशाच वळणाच्या एकोणतिसाव्या हिश्शाएवढेच असते. ओढ वाढवायची असेल तर धुराडे उंच करावे. उंची दीड मीटर केली की २·६ चे ३·९ पास्कल होतात.

टेक्सासमधील नामांकित भट्टीवाले असे असूनही बहुतेक सरळ प्रवाहाचीच भट्टी वापरतात, हे सांगायला हवे. त्यांच्या मते वायूची मोकळी, वेगवान ओढ मांसाला अधिक चांगली चव देते. आणि कोठे गरम, कोठे थंड हे त्यांना हातवळणी झालेले असते. घरी एकट्याने भट्टी चालवणाऱ्या नवशिक्याला मात्र उलटा प्रवाह सोयीचा, असे माझे मत आहे.

तक्ता जाड का?

तक्ता बहुधा ६ मि.मी. जाडीचा घेतात. ६७ सें.मी. रुंद आणि १९५ सें.मी. लांब असा पोलादी तक्ता सुमारे ६० किलो भरतो. पोलादाची विशिष्ट उष्णता सुमारे ०·११५ आहे. म्हणजे उष्णता साठवण्याच्या दृष्टीने हा तक्ता जवळजवळ सात लिटर पाण्याइतका आहे. नवे लाकूड टाकले, झाकण उघडले, वाऱ्याची झुळूक आली, तरी तापमान एकदम वरखाली होत नाही. गुण तोच दोषही आहे. भट्टी तापायला तासभर लागतो, आणि एकदा फार तापली की निवायलाही तितकीच अडून बसते.

तक्त्यावर चरबी ठिबकते. ती साचून राहिली तर पेट घेते. म्हणून तक्ता किंचित उतरता बसवून खालच्या टोकाला तोटी ठेवतात. अग्निपेटीचे आकारमान कारागीर ढोबळ मानाने मुख्य पेटीच्या एक तृतीयांश धरतात. आपल्या टाकीसाठी ते ३१५ लिटर, म्हणजे ६८ सें.मी. बाजूच्या घनाएवढे झाले.

निळा धूर, पांढरा धूर

अग्निपेटीत हवा येण्यासाठी झडपा असतात. तापमान कमी करायचे म्हणून झडप बंद करून विस्तव घुसमटवणे ही नवशिक्याची नेहमीची सवय. लाकूड तापले की त्यातले हेमिसेल्युलोज, सेल्युलोज आणि लिग्निन यांचे विघटन होऊन अनेक ज्वलनशील वायू बाहेर पडतात. हवा पुरेशी असेल तर ते ज्योतीत जळून जातात आणि सुवासिक द्रव्ये तेवढी थोड्या प्रमाणात उरतात. लिग्निनपासून होणारी ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही त्यांतली मुख्य. हवा कमी पडली तर न जळालेल्या डांबरी पदार्थांचे थेंब तयार होतात, दाट पांढरा धूर येतो आणि मांस कडू होते.

धूर कसा आहे हे रंगावरून कळते. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असतील तर ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. धूर निळसर दिसतो. कण मोठे असतील तर सर्वच रंग सारखे विखुरले जातात. धूर पांढरा दिसतो. काळ्या पडद्यासमोर उदबत्ती लावून तिच्या टोकाजवळचा धूर पाहा. म्हणून जाणता कारागीर झडपा मोकळ्या ठेवतो आणि विस्तवच लहान करतो.

बारा तासांतला एक कोडे घालणारा भाग

मांसाचे आतले तापमान सुरुवातीला नियमितपणे वाढते. साधारण ६५° ते ७५° सें.च्या दरम्यान मात्र ते अडते, आणि कधीकधी काही तास जागचे हलत नाही. विस्तव तोच, भट्टीचे तापमान तेच. मग उष्णता जाते कोठे?

उत्तर आपल्या माठात आहे. मांसाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा मांसातूनच घेतला जातो. ७०° सें.ला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५५५ कॅलरी लागतात. एक किलो मांस एक अंशाने तापवायला ढोबळ मानाने ८०० कॅलरी पुरतात. म्हणजे किलोमागे केवळ दीड ग्रॅम पाणी उडाले की एका अंशाची वाढ फुकट गेली! पृष्ठभाग बराचसा कोरडा झाला, की तापमान पुन्हा चढू लागते. मांस कागदात किंवा धातूच्या पातळ पत्र्यात गुंडाळले तर वाफ अडते आणि हा थांबा टळतो. घाबरून लाकडे वाढवणारा मात्र शेवटी सगळे करपवून बसतो.

जिवाशी गाठ असलेल्या तीन गोष्टी

जुनी वायूची टाकी रिकामी दिसली तरी रिकामी नसते. प्रोपेनचा रेणुभार ४४ आणि हवेचा सरासरी २९. त्यामुळे झडप उघडी ठेवली तरी हा जड वायू तळाशी बसून राहतो. टाकी कापताना एक ठिणगी पडली की स्फोट. म्हणून झडप काढून टाकी काठोकाठ पाण्याने भरतात. पाणी वायूला बाहेर ढकलते. हे काम प्रशिक्षित माणसाचेच आहे. आपल्या घरातले गॅसचे सिलिंडर तर कंपनीची मालमत्ता असते. ते कापण्याचा विचारही मनात आणू नका.

दुसरी गोष्ट जस्ताची. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेत तापला की जस्ताची वाफ होते आणि तिच्यापासून झालेला जस्त ऑक्साइडचा धूर श्वासात गेल्यास ताप, थंडी आणि अंगदुखी होते. भट्टीसाठी असा पत्रा वापरीत नाहीत.

तिसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. लाकडाच्या धुरात तो असतोच. या भट्टीत शिजलेल्या मांसाच्या कडेला एक गुलाबी पट्टी दिसते. धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी बांधले जाऊन ती होते. खवय्ये तिचे कौतुक करतात. तोच कार्बन मोनॉक्साइड आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत किंवा पडवीत अशी भट्टी कधीही पेटवू नये.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

आता उलट्या प्रवाहाची प्रतिकृती करू. ही खाण्याचे पदार्थ शिजवण्यासाठी नाही. केवळ उष्णता मोजण्यासाठी आहे. शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या जागेत करावी.

तेलाचा १५ किलोचा रिकामा, स्वच्छ धुतलेला डबा घ्या. तो आडवा ठेवला की त्याची लांबी सुमारे ३५ सें.मी. आणि रुंदी २३-२४ सें.मी. असते. डब्याला तेल ओतण्याचे तोंड असते. ते चिकणमातीने बुजवा. तळाला एका टोकाजवळ ४ सें.मी. व्यासाचे भोक पाडून घ्या. वरच्या बाजूला दोन्ही टोकांजवळ सुमारे ५ सें.मी. व्यासाचे एकेक भोक हवे; ही धुराड्यांची जागा. एका लांब बाजूला तीन कडा कापून दार करा. पत्रा कापण्याचे काम पत्राकाम करणाऱ्याकडून करून घेतलेले बरे, कारण कडा सुरीसारख्या धारदार असतात. पत्र्याची ५ सें.मी. व्यासाची, ३० सें.मी. लांब नळी धुराडे म्हणून वापरा.

डब्याच्या आत, तळापासून ५ सें.मी. उंचीवर, पत्र्याचा तक्ता बसेल असे बाजूंना टेकू द्या. तक्ता काढता-घालता आला पाहिजे. तो तळाच्या भोकाकडच्या टोकाला टेकलेला असावा आणि दुसऱ्या टोकाला ५ सें.मी. फट राहावी. बाजूच्या फटी चिकणमातीने बुजवा. तक्त्याच्या वर तारेची जाळी ठेवा. डबा विटांवर ठेवून भोकाखाली दोन पणत्या किंवा स्पिरिटचा दिवा ठेवा आणि वाऱ्यापासून आडोसा करा.

जाळीवर डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला सोडावॉटरच्या बाटलीचे एकेक पत्र्याचे बूच उलटे ठेवून प्रत्येकात सारख्या वजनाचा मेणाचा तुकडा ठेवा. तापमापक असतील तर वरून बुचांतून तीन ठिकाणी खाली सोडा. साधा तापमापक ११०° सें.पर्यंतच असतो, पारा १००° जवळ आला की दिवा काढून घ्या.

पहिल्या वेळी तक्ता काढून ठेवा, धुराडे दिव्यापासून दूरच्या भोकावर बसवा आणि जवळचे भोक झाका. हा सरळ प्रवाह. दर दोन मिनिटांनी तिन्ही तापमाने लिहा आणि कोणते मेण कधी वितळले ते नोंदवा. डबा पूर्ण निवू द्या. मग तक्ता बसवा, धुराडे दिव्याच्या टोकाकडे आणा, दूरचे भोक झाका आणि तोच दिवा, तितकाच वेळ ठेवा. दोन्ही वेळचे आलेख एकाच कागदावर वेगवेगळ्या रंगांत काढा. भोकाजवळ पेटती उदबत्ती धरली तर तिचा धूर आत किती जोराने ओढला जातो, हेही पाहता येईल. दोन्ही रचनांत ओढ सारखी आहे का?

एवढे जमले की पुढचे बदल एकेक करून पाहावेत. फट ५ सें.मी. ऐवजी २ सें.मी. ठेवा. धुराड्याची नळी दुप्पट लांब घ्या. तक्त्यावर अर्धा सें.मी. जाडीचा कोरड्या वाळूचा थर पसरा आणि दिवा काढल्यावर डबा निवायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर परिणाम कशाचा हे कळणार नाही.